श्वासाची वाट

घाटाच्या उतारावर एक टेंपो उलटला आहे. आतली माणसे लग्नाहून परतत होती. एकाचा पाय मोडला आहे आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत आहे. दुसऱ्याच्या कपाळाला खोक पडली असून त्याचा सदरा रक्ताने माखला आहे. एक बाई रडणाऱ्या मुलाला पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसली आहे. चौथा एक प्रौढ मनुष्य करंजाच्या झाडाखाली उताणा पडला आहे. त्याच्या अंगावर कोठे जखम दिसत नाही. तो ओरडत नाही, कण्हत नाही; घोरल्यासारखा थोडा आवाज मात्र त्याच्या घशातून येतो. जमलेली माणसे मोडक्या पायाभोवती गोळा होतात, कोणी कपाळाला रुमाल बांधतो, आणि चौथ्याकडे पाहून कोणी तरी म्हणतो, "त्याला पडू द्या जरा. घाबरून ग्लानी आली असेल."

हे चित्र कल्पनेतले आहे. परंतु अपघाताच्या जागी जमलेला जमाव बहुधा असाच वागतो. जिथे आवाज मोठा, तिथे धाव. इतक्यात रुग्णवाहिका येते. तिच्यातून उतरलेला तंत्रज्ञ एकवार सगळीकडे नजर फिरवतो आणि मोडक्या पायाच्या माणसाला ओलांडून थेट करंजाच्या झाडाकडे जातो. जमावाला त्याचा राग येतो. एवढा माणूस तळमळतो आहे आणि हा झोपलेल्याकडे निघाला!

तो तिकडे का गेला, हे समजले म्हणजे त्याच्या विद्येचा पाया समजला.

मित्रांनो, ओरडण्याला काय काय लागते ह्याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? छातीत भरपूर हवा लागते. ती हवा बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी लागते. आणि ओरडावे, अशी आज्ञा देणारा मेंदू जागा असावा लागतो. म्हणजेच त्याच्यापर्यंत रक्त पोचत असावे लागते. जो मनुष्य ओरडत आहे त्याने एका किंकाळीत ह्या तिन्ही गोष्टींची साक्ष दिलेली असते. त्याला वेदना आहेत हे खरे, पण ह्या घटकेला तो जिवंत आहे आणि आणखी काही मिनिटे जिवंत राहील, असे बहुधा म्हणता येते. गप्प पडलेल्या माणसाबद्दल आपल्याला ह्यांपैकी काहीच ठाऊक नसते.

आपले शरीर मोठे काटकसरी आहे. चार दाणे अधिक मिळाले की ते चरबीच्या रूपाने साठवून ठेवते. जणू घरातली कणगीच. म्हणून अन्नावाचून मनुष्य काही आठवडे तग धरू शकतो. पाण्याचा साठा त्याहून लहान. तो काही दिवस पुरतो. पण प्राणवायूसाठी शरीराने कणगी बांधलेलीच नाही. ते रोज मजुरी करून रोज खाणाऱ्या माणसासारखे आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो दर श्वासाबरोबर आत घ्यायचा आणि लगेच खर्च करायचा. त्यातही मेंदू मोठा खर्चिक. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा पुरवठा पूर्ण तुटला की ४ ते ६ मिनिटांत मेंदूची कायमची हानी होऊ लागते. तुमच्या शाळेच्या दोन तासिकांमधली सुट्टी कदाचित याहून मोठी असेल.

प्राणवायूच्या प्रवासाचे तीन टप्पे आहेत. नाकातोंडातून घसा आणि श्वासनलिका ह्या मार्गाने हवा फुप्फुसांपर्यंत जाते; ही झाली वाट. फुप्फुसे फुगतात, मिटतात आणि हवेतला प्राणवायू रक्ताच्या स्वाधीन करतात. हा झाला श्वास. मग हृदय ते रक्त मेंदूकडे आणि सर्व अवयवांकडे ढकलते. हे झाले रुधिराभिसरण. वाट, श्वास, रक्त. कोणत्याही देशात ह्या कामाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच हा क्रम शिकवतात आणि पुढे तो शेकडो वेळा घोकून घेतात. वाट बंद असेल तर उत्तम फुप्फुसांचा उपयोग नाही, आणि फुप्फुसे हलत नसतील तर धडधडणारे हृदयही थोड्याच वेळात थांबणार, एवढे साधे कारण ह्या क्रमामागे आहे.

करंजाखालच्या माणसाची वाट कोणी अडवली होती? त्याच्याच जिभेने.

जीभ हा आपल्याला दिसतो त्यापेक्षा बराच मोठा स्नायू आहे. तिचे मूळ घशात खोलवर आणि जबड्याला जोडलेले असते. मनुष्य शुद्धीवर असताना जबडा आणि जीभ आपापल्या जागी ताणलेली असतात. शुद्ध गेली की सर्व स्नायू सैल पडतात, आणि मनुष्य उताणा असेल तर जीभ आपल्याच भाराने मागे घसरून घशाचे तोंड बंद करते. पूर्ण बंद झाले तर आवाजच येत नाही. अर्धवट बंद झाले तर घोरल्यासारखा आवाज येतो, आणि भोवतालचे लोक म्हणतात, "झोपला आहे, झोपू द्या." बेशुद्ध माणसाचे घोरणे ही झोप नव्हे, तो गुदमरण्याचा आवाज होय.

उपाय इतका सोपा आहे की तो माहीत नसल्याने माणसे मरावीत ह्याचा विषाद वाटतो. एक हात कपाळावर ठेवून डोके हलकेच मागे करायचे आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे हनुवटीच्या हाडाखाली घालून ती वर उचलायची. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि वाट मोकळी होते. मात्र मनुष्य उंचावरून पडला असेल किंवा वाहनाच्या अपघातात सापडला असेल तर मानेचे मणके दुखावलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रशिक्षित मनुष्य मान न वळवता डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी जबड्याचे कोपरे पुढे उचलतो. ही दुसरी कृती पुस्तक वाचून येत नाही. ती शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली पुतळ्यावर पुनःपुन्हा करूनच अंगवळणी पडते.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. क्रीडामहोत्सवाच्या दिवशी भर दुपारी लांब पल्ल्याच्या शर्यतीत नववीतला एक मुलगा कोसळला. मी धावत गेलो, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि मोठ्या तत्परतेने ओरडलो, "पाणी आणा!" तांब्या आला. मी त्याच्या तोंडात पाणी ओतले. मला वाटले, मी योग्य तेच करीत आहे. लहानपणापासून हेच पाहिले होते. पण शुद्धीवर असताना घोट गिळताना श्वासनलिकेवर जे झाकण पडते, ते बेशुद्ध माणसात आपले काम करीलच असे नसते. मुलाचा चेहरा काळवंडू लागला. प्रेक्षकांत दवाखान्यात काम करणारे एक वयस्क कंपाउंडर होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला, मुलाला कुशीवर वळवले, तोंड जमिनीकडे केले आणि साचलेले पाणी बाहेर पडू दिले. मुलगा खोकला. तो खोकला मी आजतागायत विसरलेलो नाही. कंपाउंडर मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं." शंभर मुलांदेखत ते मला रागे भरू शकले असते, त्यांनी तसे केले नाही.

फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, त्याच्या दातांत चमचा घालणे, ही ह्याच अज्ञानाची भावंडे आहेत. फिट येत असताना भोवतालच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काही मऊ द्यावे आणि झटके थांबले की रुग्णाला कुशीवर वळवावे. कुशीवर झोपवल्याने जीभ मागे पडत नाही आणि उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत न शिरता बाहेर वाहून जाते.

वाट मोकळी झाली की दुसरा प्रश्न: श्वास चालू आहे का? छातीकडे पाहायचे, नाकाशी कान नेऊन ऐकायचे, गालावर उच्छ्वास लागतो का ते जाणायचे, आणि ह्या सगळ्याला १० सेकंदांहून अधिक वेळ घ्यायचा नाही. विश्रांत अवस्थेत प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. लहान मुले अधिक वेगाने. येथे एक फसगत होते. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ रुग्ण अधूनमधून तोंड उघडून आचके देतो. घरची माणसे म्हणतात, "श्वास चालू आहे हो!" आणि थांबून राहतात. आचका म्हणजे श्वास नव्हे. जो हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, त्याचे हृदय थांबले आहे असे धरूनच कामाला लागावे लागते.

तिसरा प्रश्न रक्ताचा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. ते बाहेर वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाबून धरणे, ह्यासारखा पहिला उपाय नाही. पाहण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलू नये; कापड भिजले तर वर दुसरे ठेवावे. हळद किंवा चहाची पूड दाबल्याने रक्त थांबल्यासारखे वाटते, ते बहुधा दाबामुळेच. रक्त शरीराच्या आतही वाहू शकते. अशा रुग्णाचा चेहरा फिका पडतो, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, नाडी जलद आणि बारीक लागते. विश्रांत प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. तरुण शरीर आपल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ सावरून धरते आणि मग एकाएकी ढासळते. म्हणून "बीपी तर चांगले आहे" एवढ्यावर अनुभवी तंत्रज्ञ समाधान मानीत नाही. तो रुग्णाच्या हाताचा तळवा चाचपून पाहतो.

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, कोणाच्या पायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल तरी आधी वाटच पाहायची का? नाही. धो धो रक्त वाहत असेल तर प्रथम तेच थांबवायचे, असे आताचे शास्त्र सांगते. कारण तसे रक्त वाहिले तर थोड्याच मिनिटांत वाट आणि श्वास मोकळे असून उपयोग नाही. एकाएकी हृदय थांबलेल्या प्रौढातही प्रारंभ छाती दाबण्यापासूनच करतात, कारण त्याच्या रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू उरलेला असतो. तो फक्त हलवायचा असतो. बुडालेल्या माणसाचे मात्र उलट आहे. त्याच्यापाशी प्राणवायूच उरलेला नसतो, म्हणून त्याला आधी श्वास द्यावा लागतो. क्रम पाठ करायचा तो पाढ्यासारखा, पण तो कशासाठी आहे हे ठाऊक असले तरच तो कोठे बदलावा हे कळते.

छाती दाबण्याची ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे धक्क्याने मरत, त्यांचे हृदय विजेच्याच झटक्याने पुन्हा चालू करता येईल का, ह्याचा ते शोध घेत होते. १९५८ मध्ये त्यांचा सहायक गाय निकरबॉकर ह्याच्या ध्यानात आले की, झटका देण्यापूर्वी उपकरणाच्या जड पट्ट्या प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या की नुसत्या दाबानेच रक्तदाब किंचित वर चढतो. दुसऱ्या कोणी त्याकडे दुर्लक्ष केले असते. जेम्स जूड ह्या शल्यचिकित्सकाला बरोबर घेऊन त्यांनी ह्या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि १९६० मध्ये निष्कर्ष जगापुढे मांडले. छाती न उघडता, केवळ दोन हातांनी रक्त फिरते ठेवता येते! कौवेनहोवेन तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. सेवानिवृत्त माणसाला ही गोष्ट सांगताना थोडा अधिक आनंद होतो, हे कबूल करतो.

आजची रीत अशी: छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मागचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबायचे आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०. श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास.

श्वास द्यायचा तो कसा, हे त्याच शहरात काम करणाऱ्या पीटर सफार ह्या भूलतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यापूर्वीच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत रुग्णाला पालथा घालून पाठ दाबावी आणि हात वर ओढावेत, असे शिकवीत. सफार ह्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले की, वाटच बंद असेल तर ह्या खटाटोपाने हवा आत जातच नाही; डोके मागे करून तोंडाने फुंकलेली हवा मात्र जाते. आपण सोडलेल्या हवेतही सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो, आणि तेवढा दुसऱ्याला जगवायला पुरतो.

पुढे सफार पिट्सबर्गला गेले. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. जगाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या बापाच्या घरी हे घडले. त्या काळी पिट्सबर्गमध्ये आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीतून इस्पितळात नेत. अमेरिकेत इतरत्र अनेक गावी तर अंत्यसंस्कार करणाऱ्यांची शववाहिकाच रुग्णवाहिका म्हणून येई, कारण माणसाला आडवे ठेवता येईल अशी तीच एक गाडी. वाटेत उपचार करणारा कोणी नसे. सफार ह्यांनी १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी करण्यास साहाय्य केले. तिच्यात घेतलेली माणसे त्याच शहराच्या हिल नावाच्या वस्तीतली कृष्णवर्णीय, बहुतेक बेकार माणसे होती. त्यांतील काहींचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते आणि समाजाने त्यांना निरुपयोगी ठरवले होते. त्यांना शरीररचना, श्वास, हृदय, प्रसूती हे सारे कसून शिकवले गेले. ह्या निरुपयोगी माणसांनी असे काम केले की त्या काळच्या अमेरिकेत त्यास तोड नव्हती. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ह्यांनी त्यांच्याबरोबर काम करून जो अभ्यासक्रम तयार केला, तो त्या देशातील रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाला आधारभूत झाला. शहराने मात्र १९७५ मध्ये आपली निराळी सेवा काढून फ्रीडम हाउस बंद केले, आणि ह्या माणसांची नावे कित्येक वर्षे कोणाला आठवली नाहीत.

आपल्याकडे १०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये हैदराबादहून सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. त्या गाडीत प्राणवायूची नळकांडी, मानेला आधार देणारा पट्टा, घसा साफ करण्याचे यंत्र, स्ट्रेचर इत्यादी साधने असतात. पण साधनांआधी शिकवली जाते ती एक सवय. जागेवर पोचल्याबरोबर उडी न मारता क्षणभर थांबून पाहायचे: तुटलेली वीजवाहिनी कोठे लोंबते आहे का, पेट्रोल सांडले आहे का, मागून येणारी वाहने थांबली आहेत का. जुन्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला मनुष्य बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याला काढायला शेजारी उतरतो, आणि आतल्या विषारी वायूने, किंवा प्राणवायूच नसल्याने, तिघेही जातात. अशी बातमी आपण वृत्तपत्रात वारंवार वाचतो. उतरणाऱ्यांच्या धैर्याला उणे म्हणता येणार नाही; वर थांबून मदत बोलावणेही धैर्याचेच काम असते, एवढे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता पुन्हा घाटात जाऊ. तंत्रज्ञाने उतरताच रस्ता पाहिला, चालकाला खुणेने वाहने थांबवायला सांगितले. मग तो झाडाखालच्या माणसाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. हाक मारली, उत्तर नाही. खांदा दाबला, कण्हणेही नाही. त्याने मान जराही न वळवता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलून धरला. घोरणे थांबले. एक मोठा श्वास आत गेला, छाती वर आली, मग दुसरा. ओठांवरची निळसर झाक हळूहळू उतरू लागली. आता त्याला हात सोडता येणार नव्हते. दुसरी गाडी वाटेवर होती. चालक कपाळाच्या जखमेवर पट्टी दाबून बसला होता. तिकडून मोडक्या पायाचा मनुष्य चिडून ओरडला, "अहो, माझ्याकडे कोणी बघाल की नाही?"

तंत्रज्ञाने मान वर केली नाही. "ऐकतोय दादा," तो म्हणाला. "बोलत राहा."